श्रावणात ओडिसी कशी वाचावी : 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाचा माग

बेळगावहून खानापूरला किंवा निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "कुठलं गाव तुमचं?" तोच कधी "याव ऊरु?" असा कन्नडमधून येतो. उत्तर देणारा क्षणभर थांबतो, विचारणाऱ्याचा अंदाज घेतो, कोणत्या भाषेत बोलावे ते ठरवितो, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी पाटीवर बदललेले शहराचे नाव जुन्या रीतीने उच्चारावे की नव्या, हेही त्याच क्षणात ठरवून टाकतो. आपल्याला या क्षणभराच्या थांबण्याची इतकी सवय झालेली आहे की ते एक कौशल्य आहे हे लक्षातही येत नाही. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात हाच प्रश्न पुन्हापुन्हा येतो : तू कोण, कुठल्या लोकांतला, तुझे नगर कोणते, तुझे आईवडील कोण? ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतताना ओडिसियस दहा वर्षांत काय शिकला हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने राक्षस, चेटकिणी आणि वादळे यांच्या मागे न धावता या एका प्रश्नाला तो प्रत्येक वेळी काय उत्तर देतो एवढेच टिपत जावे, असे माझे मत आहे. ते कसे करावे, आणि श्रावणातल्या पोथीवाचनाच्या रीतीने गटात कसे करावे, यासाठी हे टिपण आहे.

पोथीची रीत सुचविण्याचे कारण साधे आहे. हे काव्य मुळात ऐकण्यासाठी रचलेले आहे. त्याच्या सुमारे 12,000 ओळी 24 अध्यायांत विभागलेल्या आहेत. सर्वांत लहान असलेल्या सहाव्या अध्यायात 331 ओळी आहेत आणि सर्वांत मोठ्या चौथ्यात 847. रोज एक अध्याय धरला तर श्रावणात काव्य पुरे होते आणि नागपंचमी, राखी पौर्णिमा, पाहुणेरावळे व घरची अडचण यांसाठी काही दिवस हातात उरतात. खानापूरकडच्या भातशेतीच्या गावांत तोवर रोप लावण आटोपलेली असते, संध्याकाळी पावसामुळे कोणी फारसे बाहेर जात नाही, आणि देवळात किंवा वाचनालयाच्या खोलीत दहा-बारा माणसे सहज जमतात. आपल्याकडे पोथी वाचताना एकजण ओवी वाचतो व दुसरा अर्थ सांगतो, तीच विभागणी येथे ठेवावी. एकाने इंग्रजी भाषांतर दुपारीच वाचून तयारी करावी आणि संध्याकाळी मराठीत अध्याय सांगावा. दुसऱ्याने मधूनमधून निवडक उतारे संथपणे मोठ्याने वाचावेत. बटलर यांचे 1900 चे आणि मरे यांचे 1919 चे इंग्रजी गद्य भाषांतर इंटरनेटवर विनामूल्य मिळते. मात्र बटलर यांनी ग्रीक नावांऐवजी रोमन नावे वापरली असल्यामुळे त्यात ओडिसियसचा युलिसिस आणि अथीना या देवीची मिनर्व्हा होते, याची कल्पना श्रोत्यांना आधीच द्यावी. नाहीतर नावांच्या शोधाला निघालेला गट पहिल्याच दिवशी नावांत अडकतो. ओडिसी हा धर्मग्रंथ नाही, तेव्हा पूजा, आरती यांची गरज नाही, पण एखाद्या आजींनी सवयीने पुस्तकाला नमस्कार केला तर करू द्यावा.

सांगणाऱ्याला एक मोह होतो, तो टाळावा. काव्यात 'गुलाबी बोटांची उषा' असे ठरीव शब्द वारंवार येतात, आणि कंटाळा येईल या भीतीने ते गाळावेसे वाटतात. ते गाळू नयेत. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत श्रोते ते शब्द पालुपदासारखे आपणहून म्हणू लागतात, आणि तिथून पुढे वाचन खऱ्या अर्थाने गटाचे होते.

वही आणि तिचे रकाने

एका मोठ्या वहीत तीन रकाने आखावेत : विचारणारा कोण, विचारण्याआधी त्याने पाहुण्याला खाऊ घातले की नाही, आणि ओडिसियसने उत्तर काय दिले. दुसरा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण सगळी मेख त्यातच आहे. या काव्याच्या जगात पाहुणा आणि भिकारी दोघेही देवराज झ्यूसच्या रक्षणाखाली असतात, आणि आधी जेवण, मग नाव-गाव, अशी रीत आहे. आपल्याकडेही दारात आलेल्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधी त्याची चौकशी करणाऱ्याला लोक नावे ठेवतात, तेव्हा ही रीत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर घटनांचा खरा क्रम लिहून ठेवावा, कारण अध्यायांचा क्रम आणि घटनांचा क्रम एक नाही. पहिल्या चार अध्यायांत ओडिसियस दिसतच नाही. त्याचा मुलगा टेलेमॅकस बापाची बातमी काढण्यासाठी पायलॉस आणि स्पार्टा येथे जातो. पाचव्यात ओडिसियस कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर भेटतो, सहा ते आठ या अध्यायांत तो फिएशियन लोकांच्या राज्यात पोहोचतो, आणि नऊ ते बारा या अध्यायांत त्यांच्यासमोर बसून आपला आधीचा प्रवास स्वतः सांगतो. म्हणजे एकाक्ष राक्षसाची गोष्ट कॅलिप्सोच्या कितीतरी आधी घडलेली असते. दहा वर्षांपैकी सात कॅलिप्सोकडे आणि एक सर्सी या चेटकिणीकडे गेले, हे त्या पानावर लिहिले की प्रत्यक्ष भटकंती किती थोडी होती हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

एवढे असूनही वाचन पहिल्या अध्यायापासूनच सुरू करावे. आम्ही पहिल्या वर्षी रंगत यावी म्हणून नवव्यापासून सुरुवात केली आणि ती चूक ठरली. राक्षसाच्या गुहेत लोक रमले, पण ओडिसियस घरी पोहोचल्यावर त्याचे घर कोणी ओळखेना, कारण त्याची बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न लावून घेण्यासाठी ठाण मांडून बसलेले आणि रोज त्या घरची गुरे-डुकरे कापून खाणारे 108 उमेदवार कोणी आधी पाहिलेच नव्हते. शिवाय तिसऱ्या अध्यायाशिवाय नवव्याची धार कळत नाही. तिसऱ्यात पायलॉसचा वृद्ध राजा नेस्टर टेलेमॅकसला पोटभर जेवू घालून मग विचारतो की पाहुण्यांनो, तुम्ही कोण, कुठून आलात, व्यापाराला निघालात की चाचेगिरी करत भटकता? नवव्यात पॉलिफिमस हा राक्षस गुहेत शिरलेल्या माणसांना नेमका हाच प्रश्न विचारतो, मूळ ग्रीकमध्ये अक्षरशः त्याच ओळींत, पण पाणीही न देता. दोन्ही नोंदी वहीत एकाखाली एक लिहिल्या की प्रश्न एकच असूनही विचारणारे किती वेगळे आहेत हे सांगणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नवव्या अध्यायाला दोन दिवस द्यावेत

हातात राहिलेल्या दिवसांपैकी एक येथे खर्च करावा. पहिल्या दिवशी गुहेतून सुटकेपर्यंत यावे. ओडिसियसला सोबती विनवतात की चीज उचलू आणि निघू, पण त्याला गुहेचा मालक पाहायचा असतो आणि पाहुणा म्हणून भेटवस्तू हवी असते. राक्षस सहा माणसे खातो, दोन-दोन करून. मग ओडिसियस त्याला कडक मद्य पाजतो आणि आपले नाव 'आउटिस', म्हणजे 'कोणी नाही', असे सांगतो. त्याचा डोळा तापलेल्या ऑलिव्हच्या दांड्याने फोडल्यावर तो ओरडतो, आणि शेजारी विचारतात, काय झाले, तुला कोण मारतोय? मराठीत सांगताना हे नाव 'कोणीनाही' असे जोडून घ्यावे आणि राक्षसाच्या तोंडी "कोणीनाही मारतोय मला!" असे घालावे, पोरेसोरे खिदळतात आणि विनोद पोहोचतो. ग्रीकमध्ये त्यापुढे आणखी एक श्लेष आहे. शेजाऱ्यांच्या उत्तरातला 'कोणी नाही' वेगळ्या रूपात येतो, 'मे टिस', आणि तो ऐकायला 'मेटिस' म्हणजे 'चतुराई' या शब्दासारखा लागतो. त्याला मराठी पर्याय शोधत बसू नये, एका वाक्यात सांगून पुढे जावे.

दुसऱ्या दिवशी जहाजाच्या प्रसंगापासून पुढे वाचावे. मेंढ्यांच्या पोटाखाली लटकून बाहेर पडलेला, नाव नसल्यामुळे वाचलेला हा माणूस किनाऱ्यापासून दूर जाताच राक्षसाला डिवचतो. राक्षस डोंगराचा कडा फेकतो, लाटेने जहाज परत किनाऱ्याकडे येते, सोबती त्याला गप्प राहण्यासाठी विनवतात, आणि तरी तो ओरडून सांगतो की कोणी विचारले तर सांग, तुझा डोळा नगरे लुटणाऱ्या ओडिसियसने फोडला, लाएर्टीसच्या मुलाने, ज्याचे घर इथाकात आहे. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव : शेताच्या उताऱ्यावर लागते तेवढी सगळी माहिती. राक्षस तीच घेऊन आपला बाप समुद्रदेव पोसायडनला साकडे घालतो की या नावाचा, या बापाचा, या गावचा माणूस घरी पोहोचू नये. आणि पोहोचायचेच असेल तर उशिरा, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून पोहोचावा आणि घरीही त्याला संकटच दिसावे. पुढे हे सगळे शब्दशः खरे होते.

येथे गटाला विचारावे : त्याने नाव का सांगितले? आमच्याकडे एका वयस्कर शेतकऱ्यांनी लगेच म्हटले, "निसटला होता की गपचूप, मग नाव कशाला सांगायचं हो?" बहुतेक जण याला गर्व म्हणून मोकळे होतात, आणि ते चूक नाही, पण अपुरे आहे. ट्रॉयच्या रणात पराक्रमाबरोबर नाव सांगणे हाच धर्म होता. ज्या पराक्रमाला नाव नाही त्याची कीर्ती होत नाही, आणि कीर्तीसाठीच तर माणसे दहा वर्षे लढली. तेव्हा ओडिसियस जहाजावर जे करतो ते रणावरचे शहाणपण आहे, फक्त आता रण संपलेले आहे. युद्धावरून परतणाऱ्या माणसाला पहिला धडा कुठला, तर तिथे ज्या गुणाने तो मोठा झाला तोच वाटेत त्याला बुडवू शकतो. होमर हे कुठेही शब्दांत सांगत नाही. आपणही अध्याय संपल्यावर तात्पर्य म्हणून ते सांगू नये, वहीत तीन उत्तरे लिहून घ्यावीत : आधी 'आगामेम्नॉनची माणसे' (आगामेम्नॉन म्हणजे ट्रॉयवर गेलेल्या ग्रीक सैन्याचा सेनापती), मग 'कोणी नाही', मग संपूर्ण नाव.

दहाव्या अध्यायात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची. वाऱ्यांचा राखणदार आयोलस प्रतिकूल वारे चामड्याच्या पिशवीत बांधून देतो. ओडिसियस नऊ दिवस शीड दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही आणि पिशवीत काय आहे हेही कोणाला सांगत नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागते, गावातल्या माणसांनी पेटवलेल्या शेकोट्याही दिसतात, आणि त्याला झोप लागते. सोन्या-चांदीच्या संशयाने सोबती पिशवी उघडतात आणि वारे सगळ्यांना परत ढकलतात. शत्रूला जे सांगायला नको होते ते त्याने ओरडून सांगितले, आणि आपल्या माणसांना जे सांगायला हवे होते ते लपविले. ही नोंद तीन रकान्यांत बसत नाही, तेव्हा ती समासात करावी. बारा जहाजांपैकी अकरा लेस्ट्रिगोनियन राक्षस फोडतात, सर्सी माणसांची डुकरे करते, वगैरे भाग एका संध्याकाळीही भरभर होतो.

अकराव्यात मृतांच्या लोकात आगामेम्नॉन भेटतो, ज्याला घरी पोहोचताच बायको आणि तिचा प्रियकर यांनी मारले. तो सांगतो की गावी उघडपणे जाऊ नकोस, गुपचूप जा. येथे ओडिसियस प्रथमच हा धडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. तरीही शिकणे सरळ रेषेत जात नाही : बाराव्यात सिला या सहा मुखांच्या राक्षसिणीशी लढण्यात अर्थ नाही असे सर्सीने बजावलेले असूनही तो चिलखत चढवून, दोन भाले घेऊन जहाजाच्या नाळेवर उभा राहतो, आणि सहा माणसे जायची ती जातातच. जुना योद्धा अजून पुरता गेलेला नाही.

नाव नसलेली माणसे

पाचव्या ते आठव्या अध्यायांकडे या दृष्टीने परत पाहावे. कॅलिप्सो या नावातच ग्रीकमधला 'लपविणे' हा धातू आहे. सात वर्षे तो जगापासून लपलेला असतो. ती त्याला अमरत्व देऊ करते. ते घेतले असते तर तो कायमचा जगला असता आणि कोणाला कळला नसता. तो नाकारतो, तराफा बांधतो, वादळात सर्व गमावतो आणि फिएशियनांच्या किनाऱ्याला नागवा लागतो. त्यांची राणी अरीटी त्याला विचारते की तू कोण, आणि हे कपडे तुला कोणी दिले? तो कपड्यांचे आणि वादळाचे खरे सांगतो, नावाच्या प्रश्नाला मात्र बगल देतो. पहिल्या वाचनात ही बगल कोणाच्या लक्षात येत नाही. वही असेल तर येते.

आठव्यात डेमोडोकस हा आंधळा गायक ट्रॉयची कथा गातो. आपल्या कीर्तनकाराला जशी श्रोत्यांतून फर्माईश येते, तशी लाकडी घोड्याच्या प्रसंगाची फर्माईश ओडिसियस स्वतः करतो, आणि ऐकताना रडतो. होमर त्याच्या रडण्याला दिलेली उपमा पूर्ण वाचावी : नगर वाचविताना पडलेल्या नवऱ्याच्या देहाला मिठी मारून रडणारी बाई, जिला मागून शत्रू भाल्याने टोचून गुलामगिरीत नेत आहेत. ज्याने ते नगर पाडले त्याच्या अश्रूंना पाडलेल्या नगरातल्या बाईची उपमा दिलेली आहे. त्यानंतरच राजा आल्किनोअस नाव विचारतो, एकाहून अधिक वेळा जेवू घातल्यानंतर, आणि तो सांगतो. सांगताना माझी कीर्ती आकाशाला भिडली आहे असे म्हणायला तो विसरत नाही, पण या वेळी त्याने एक अख्खा दिवस वाट पाहिली, आणि समोर पाहुणचार करणारा माणूस आहे हे ओळखून सांगितले.

तेराव्यापासून तो इथाकात आहे, आणि आता वहीचा तिसरा रकाना खोट्याने भरतो. धनगर पोराच्या रूपातल्या अथीनाला तो आपण क्रीटचे असल्याचे सांगतो, आणि देवी हसून त्याला हाताने थोपटते. डुकरे राखणारा युमीअस आधी जेवू घालतो, मग विचारतो. त्यालाही क्रीटचीच, पण वेगळी कथा. एकोणिसाव्यात पेनेलोपीला तिसरी. मुलाला मात्र तो सोळाव्यात खरे सांगतो. मधल्या अध्यायांत भिकाऱ्याच्या वेशात तो घरच्या वाटेवर लाथ खातो, स्वतःच्या घरी त्याच्यावर पाय ठेवायचे स्टूल फेकले जाते, आणि तो गप्प राहतो. विसाव्याच्या सुरुवातीला तो रात्री अंथरुणावर तळमळत, शेगडीवरचे चरबी भरलेले आतडे उलटेपालटे करावे तसा कूस बदलत, छातीवर हात मारून स्वतःच्या मनाला सांगतो की सोस, त्या राक्षसाने सोबती खाल्ले तेव्हा यापेक्षा वाईट सोसलेस. गुहेची आठवण त्यालाच येथे होते, तेव्हा आपण वाचकांनी ती ओढूनताणून जोडलेली नाही.

बाविसाव्यात उमेदवार मरून पडल्यावर म्हातारी दाई युरिक्लीया आनंदाने आरोळी ठोकायला जाते, आणि तो तिला थांबवितो : आनंद मनात ठेव, मेलेल्यांवर फुशारकी मारणे पाप आहे. नवव्या अध्यायातल्या जहाजावरचा ओडिसियस आणि हा, यांच्यातले अंतर दाखविण्यासाठी ही दोन पाने एकापाठोपाठ मोठ्याने वाचावीत; मला विचाराल तर सबंध महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे वाचन हेच. पण त्याच अध्यायात बारा दासींना फाशी दिली जाते, तेही वाचावे, गाळू नये. जिभेला लगाम घालायला शिकलेला माणूस दयाळू झाला आहे, असे होमर म्हणत नाही.

तेविसाव्यात लपविण्यातला उस्ताद स्वतः सापडतो. तो आपणच ओडिसियस असल्याचे सांगतो, पण पेनेलोपीला नाव पुरत नाही. ती दासीला सहज सांगते की यांचा पलंग खोलीबाहेर काढून घाला, आणि तो उसळतो, कारण जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याभोवती त्याने स्वतः तो पलंग घडविलेला असतो. तो हलणार कसा? त्याच रात्री तो तिला मृतलोकातल्या टायरेसियस या द्रष्ट्याने सांगितलेला शेवटचा प्रवास सांगतो : खांद्यावर वल्हे घेऊन समुद्रापासून आत चालत जा, जिथे वाटेवरचा माणूस त्याला धान्य उफणण्याचे फावडे म्हणेल तिथे ते जमिनीत रोव आणि पोसायडनला बळी दे. आपल्याकडे सुपाने वारवतात, म्हणून ग्रीसमध्ये लाकडी फावड्याने धान्य वाऱ्यावर उडवीत असत हे सांगावे लागते. चोर्ला घाट चढून वल्हे आणले तर खानापूरपर्यंत ते कोणीही ओळखेल, गोव्याला सगळ्यांचेच जाणे-येणे आहे. अथणीच्या उसात मात्र विचारतील की हे काय, असा हिशेब आमच्या गटात बराच वेळ रंगला होता. ज्या ठिकाणी वस्तूचे नाव बदलते त्या ठिकाणी प्रवास संपतो, ही कल्पना सीमेवरच्या माणसांना कोणी उलगडून सांगावी लागत नाही.

चोविसाव्या अध्यायाचा वाचक आधीच निवडून ठेवावा, कारण तो घाईत वाचला जातो. फळबागेत म्हातारा लाएर्टीस ठिगळांच्या कपड्यांत झाडाच्या बुंध्याशी माती उकरत असतो. उमेदवार मेलेले आहेत, लपविण्याचे काहीही कारण उरलेले नाही, आणि तरीही ओडिसियस सवयीने बापाला खोटे नाव, खोटे गाव सांगतो. काही अभ्यासकांना हा प्रसंग निष्कारण वाटतो. मला तो या सगळ्या शिकण्याची किंमत वाटतो. म्हातारा दोन्ही हातांनी माती उचलून पांढऱ्या डोक्यावर ओततो, ते पाहून ओडिसियसच्या नाकात चरचरते, आणि तो धावत जाऊन त्याला मिठी मारतो. खूण म्हणून मांडीवरचा जुना व्रण दाखवितो, आणि मग झाडे मोजून दाखवितो, लहानपणी बापाच्या मागे चालताना बापाने नावे सांगून त्याला दिलेली : नासपतीची तेरा, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास रांगा.